सात बदकांचा तलाव

मोटारसायकल मंडळाच्या चिटणिसांच्या पत्राला काकांनी अकरा महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. शब्दकोशात खूण म्हणून ठेवलं होतं, आणि शनिवारी ते नेमकं पुतणीच्या हाती लागलं.

"'आपल्या नकाशातला तलाव प्रत्यक्षात आहे काय, कृपया कळवावे.' काका, कळवलंत?"

"कळवणारच होतो."

काकांनी पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. जन्म चुका शोधण्यात गेला, त्यामुळे स्वतःवर विश्वास असा कधी बसलाच नाही. निवृत्तीनंतर पुतणी मागे लागली म्हणून त्यांनी तिच्या मोटारसायकल मंडळाला पानगळीतल्या आडवाटांचा नकाशा करून दिला. सगळा जुन्या नकाशांवरून. त्यातली एकच जागा त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. चाळीस वर्षांपूर्वी, उसन्या मोटारसायकलवरून, मागे नवी नवरी. तिथं त्यांनी लिहिलं होतं, 'तिसऱ्या फाट्यावर तलावाच्या पाटीप्रमाणे वळा. अख्खी टेकडी पाण्यात उलटी दिसते.'

मंडळातले लोक पाटीप्रमाणे वळले. त्यांना एक डबकं सापडलं. डबक्यात सात बदकं.

काकी आता नव्हत्या. तो तलाव पाहिलेलं दुसरं माणूस उरलं नव्हतं. तो दिवस आपण जगलो की कुठंतरी वाचला, असा प्रश्न काकांना हल्ली पडू लागला होता.

"उद्या जाऊन बघू," पुतणी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात नवा नकाशा छापायला जातोय. तलाव असेल तर असेल, नसेल तर नसेल. एकदाचा सोक्षमोक्ष लावा."

रविवारी सकाळी ते निघाले. पुतणी दातांची डॉक्टर होती, पण हँडल हाती आलं की तिचं वय निम्मं होई. काका मागे तिची कंबर धरून बसले होते. दोन्ही बाजूंची झाडं पिवळी, तांबडी, मधेच एखादं जांभळट. चाकांमागे पानं उठत आणि पुन्हा रस्त्यावर बसत.

"केवढं सुंदर!" काका ओरडले.

"तोंड मिटा, माशी जाईल! मी रोज लोकांना उलटं सांगते, तुम्हाला सुलटं सांगतेय!"

तिसऱ्या फाट्यावर पाटी होती. बाण डावीकडे. ते वळले, आणि पाच मिनिटांत रस्ता एका अंगणात जाऊन संपला. पंधरा-वीस मोटारसायकली उभ्या होत्या. लोक नव्याकोऱ्या पिवळ्या बाकांवर बसून सूप पीत होते. पलीकडे डबकं. काकांनी बदकं मोजली. सात.

चाळीस वर्षं जपलेला तलाव तो हाच.

"बसा, बसा," घरातून एक बाई लगबगीनं आल्या. "तलाव बघायला आलात ना? हाच तो. कडेच्या बाकावर नका बसू, काल रात्रीच रंगवलंय." त्यांच्या बोटांना पिवळा रंग अजून तसाच होता.

शेजारच्या बाकावरचा दाढीवाला खदखदून हसला. "टेकडी उलटी दिसते म्हणे! लिहिणारा स्वतःच डोक्यावर उभा असेल!"

"तेही प्यायल्यावर," दुसरा म्हणाला.

पुतणी उठणार, तेवढ्यात काकांनी तिच्या बुटावर बूट ठेवला.

"हसा तुम्ही," बाई सूप वाढत म्हणाल्या. "माझ्या दृष्टीनं तो देवमाणूस आहे. मालक गेल्यावर मी हे घर विकायला काढलं होतं. घ्यायलासुद्धा कुणी फिरकेना. पानं पडताना ऐकू यायची, इतकी शांतता. मग एका रविवारी बारा मोटारसायकली अंगणात! आता तलाव शोधत येणाऱ्यांवरच माझं घर चाललंय. बोलायला माणसं मिळतात ती वेगळीच."

"आणि तलाव दिसला नाही की?" काकांनी हळूच विचारलं.

"मग सूप पितात. तुम्हीसुद्धा पिताय ना?"

सूप उत्तम होतं. काकांनी दुसरी वाटी मागून घेतली, खिशातून कागद काढला आणि तिथंच उत्तर लिहिलं. पुतणीनं खांद्यावरून वाचलं. 'चूक माझी. ते डबकं आहे, मी तलाव समजलो. तलाव हा शब्द खोडून सात बदकं व गरम सूप असे छापावे. थांबा मात्र रद्द करू नये.'

"मनाला लावून घेऊ नका हो," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत कुणाच्याही डबक्याचा तलाव होईल."

"लावून नाही घेतलं." काकांनी खिशातलं पाकीट काढून पत्र त्यात घातलं.

पत्रपेटी फाट्यावरच होती, पाटीच्या खांबाशेजारी. पुतणीनं गाडी थांबवली. पाकीट पेटीच्या तोंडाशी नेताना काकांनी मुद्रितं तपासायच्या सवयीनं पाटी वर-खाली पाहिली. ऊन-पावसानं खांब करडा पडला होता. फक्त उजव्या अंगाला, फळीएवढा एक पट्टा अजून कोरा होता. बाण डावीकडे धरून ठेवणारा स्क्रू नवा होता, आणि त्याच्या शेजारी फळीवर पिवळा अंगठा उमटला होता. काका उजवीकडचा चढ चढून गेले. वर टेकडी दोनदा होती, एकदा सुलटी आणि एकदा उलटी. ते बराच वेळ तिथं उभे राहिले. खाली आले तेव्हा चष्मा पुसत होते. "काय आहे हो वर?" पुतणीनं विचारलं. "चढ," काका म्हणाले, "तुझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे का?" बाण थोडा हलत होता. तो त्यांनी बदकांच्या दिशेनं नीट घट्ट पिळला आणि पत्र पेटीत टाकलं.