रुग्ण क्रमांक सात

पडद्यावर रुग्ण क्रमांक सातचा आलेख आला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. आलेख म्हणजे एक आडवी रेघ होती. रोज ऐंशी ग्रॅम, सलग तीन महिने. सूत्रसंचालकांनी याला सातत्य म्हटले.

रुग्ण क्रमांक सात म्हणजे अश्लेषाची आई, गोदावरीबाई. मधुमेहाने तळपायाला झालेली तिची जखम दोन वर्षे भरत नव्हती. सात आठवड्यांपूर्वी ती झोपेतच गेली. हृदय थांबले, पायाचा संबंध नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले. अश्लेषा अकोल्याच्या कॉलेजात शिकवायची. शनिवारी अमरावतीला यायची, प्रयोगशाळेतून पट्ट्यांचे नवे खोके आणायची आणि रविवारी परत जायची. आता 'वऱ्हाड शोषक पट्टी'च्या लोकार्पणाला कुटुंबीयांनी यावे, असे पत्र आले होते. म्हणून ती पहिल्या रांगेत बसली होती. शेजारी तानुबाई होती. आईकडे ती बारा वर्षे कामाला होती. पत्रात 'कुटुंबीय' असे होते, म्हणून अश्लेषाने तिलाही आणले.

कापसाला भाव नाही ही तक्रार आता जुनी झाली, असे प्रमुख पाहुणे म्हणाले. जगात मधुमेह वाढतो आहे, जखमा वाढत आहेत, आणि प्रत्येक जखम वऱ्हाडचा कापूस मागणार आहे. आकडे फार आशादायक आहेत. मागच्या रांगेतून धामणगाव रेल्वे या गावच्या एका कास्तकाराने विचारले, प्रकल्पाने आतापर्यंत किती कापूस घेतला? अठरा किलो, असे उत्तर मिळाले. तो खाली बसला.

मग डॉ. गौरांग उभा राहिला. पट्टी त्याने बनवलेली, आणि शाळेत तो गोदावरीबाईंचा सातवीतला विद्यार्थी होता. बाई विज्ञान शिकवताना फळ्यावर मुद्दाम एक चूक करून ठेवायच्या, तो म्हणाला. मग काही न बोलता, कोणाचा हात वर होतो ते पाहत उभ्या राहायच्या.

"पहिला हात माझा असायचा," असे म्हणताना त्याचा आवाज खरोखरच भरून आला. पट्टीची तीनशे खोकी सोमवारी सरकारी दवाखान्यांत जाणार, हे त्याने शेवटी सांगितले.

तानुबाईने अश्लेषाला हळूच विचारले, ते ऐंशी-ऐंशी काय म्हणून राहिले? आईच्या जखमेतला स्राव, अश्लेषा म्हणाली. पट्टी रोज तेवढा शोषून घ्यायची.

"पायाचं नोय ते, ताई. पेज होय, भाताची."

मग तिने खालच्या आवाजात सगळे सांगितले. पट्टी वाळली की जखमेला चिकटायची आणि सोडताना कातडे घेऊन निघायची. बाईंनी गौरांगला दोनदा सांगितले. दोन्ही वेळा त्याने वहीत 'रुग्ण समाधानी' असे लिहिले. तिसऱ्यांदा बाई बोलल्या नाहीत. जुन्या सुती लुगड्याच्या उकळलेल्या पट्ट्या पायाला बांधू लागल्या. प्रयोगशाळेची पट्टी ताटलीत ठेवून तिच्यावर रोज एक फुलपात्र पेज ओतायच्या. संध्याकाळी शिपाई यायचा आणि ती वजनाला घेऊन जायचा.

"मी मनलं, बाई, पेज कावून नासवता, नळाचं पाणी टाका ना. तं मने, पाणी नाई चालत तानू, पेजच पायजे."

अश्लेषाला आधी हसू आले. एका पोराला आईने वरचे मार्क देऊन पास केले होते. मग तिला ती तीनशे खोकी आठवली, आणि राग आला. आईचाच आला. मेलेल्या माणसावर रागावणे किती निरुपयोगी असते, हे सात आठवड्यांत तिला कळले होते. तरी आला.

स्मृतिचिन्हासाठी तिचे नाव पुकारले गेले. मंचावरच्या टेबलावर काचेच्या पेटीत एक वाळलेली पट्टी होती. खाली चिठ्ठी होती : रुग्ण क्रमांक सात, अखेरची पट्टी. शेजारी कात्री, चिमटा आणि आयोडीनची बाटली मांडलेली होती. लहानपणी आईने तिला बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून दाखवला होता. पिष्ट असेल तिथे निळे होते.

तिने पेटीचे झाकण उघडले आणि चार थेंब टाकले.

पट्टी निळीकाळी झाली. कॅमेरा टेबलावर रोखलेला होता, त्यामुळे पडदाही निळा झाला. सूत्रसंचालक क्षणभर गांगरले. मग त्यांनी जाहीर केले की औषध लागताच ही पट्टी रंगही बदलते. टाळ्या आलेखापेक्षा मोठ्या पडल्या. रंगाचे पेटंट वेगळे घ्यावे लागेल का, असे प्रमुख पाहुण्यांनी शेजाऱ्याला विचारले.

गौरांग तिच्या जवळ आला. तो दचकलेला नव्हता.

"ताई, हे कशाला?" तो पुटपुटला. "पहिल्याच आठवड्यात तपासलं होतं मी. तेव्हाही निळीच झाली होती."

"आणि?"

"बाईंना वाईट वाटलं असतं, म्हणून बोललो नाही. आकडेही चांगले येत होते."

दर शनिवारी अश्लेषा प्रयोगशाळेतून खोके घेऊन घरी आली की आई पहिल्यांदा एकच गोष्ट विचारायची. गौरांग काही म्हणाला का गं? अगदी शेवटच्या शनिवारीही तिने तेच विचारले होते. विद्यार्थ्यावरची माया, असे अश्लेषाला वाटायचे. काही नाही म्हणाला, असे सांगून ती चहा ठेवायला जायची.

नळाच्या पाण्यावर आयोडीन टाकले तर काहीच दिसत नाही.

अश्लेषाने माइक जवळ ओढला.

"गौरांग," ती म्हणाली, "मग हात वर का नाही केलास?"