सकाळच्या ओळी

“छी!” मीनलने खुर्ची मागे ओढली. “शर्मिष्ठा, हे रोज सकाळी कोण पाहून राहिलं गं?”

शर्मिष्ठाने पदर नाकाला लावला, जणू स्क्रीनलाच वास येत होता. तेलीबांध्याच्या त्या ऑफिसात तिचं काम एवढंच. ऑफिसातून असो की घरून, कंपनीच्या कॉम्प्युटरवर जे उघडलं जाई त्याच्या नोंदीची ओळ तिच्याकडे येई. फालतू ओळी गाळायच्या, उरलेल्यांना माणसाचं नाव जोडायचं, मग वर पाठवायचं. या घाणेरड्या चित्रांच्या ओळी आजवर फालतूत गळून जात. आता अच्युतसाहेबांनी नेमकं तेच मागितलं होतं, नावासकट.

“ज्याचं नाव निघंल तो आजच घरी,” साहेब म्हणाले. “सकाळी ऑफिस कोण उघडते? हरिदास. मले तर पाहायचीही गरज नाही. पण कागद लागते.”

थोड्या वेळाने हरिदासच ग्लास घेऊन आला. “दीदी, सोमवार का उपास है न? नींबू-पानी.”

“नको. ठेव तिकडे.” तिने तो ग्लास फडक्याने दूर सरकवला.

हरिदास हलला नाही. “सब मेरे को ही देख रहे हैं. मैंने कुछ नहीं किया, दीदी. आप पूजापाठवाली हो. जो सच है, वही नाम लगाना.”

“हव,” ती हळूच म्हणाली.

तो गेल्यावर तिने नावं जोडली. ओळींपुढे एकच नाव उमटलं, खालपर्यंत तेच. ती उठून गेली नि ओकली. उपाशीपोटी नुसतं पाणी पडलं. तोंड धुऊन, ओठांतल्या ओठांत जप करत ती परत बसली आणि काम पुरं करून साहेबांकडे पाठवलं.

ऑफिस सुटायच्या आधी हरिदासने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. शर्मिष्ठाकडे एकदा पाहिलं नि निघून गेला.

“गेली घाण,” मीनल म्हणाली. “मले तर त्याच्या हातचा चहा आठवून किळस येऊन राहिली.”

“घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करीन,” शर्मिष्ठा म्हणाली.

तिने केलीही. देवाजवळ दिवा लावला, उपास सोडायला पानं घेतली, नवऱ्याच्या, शिरीषच्या, ताटात भात वाढला.

“अहो,” ती नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली, “सकाळी मी पूजेत बसले की माझा ऑफिसचा लॅपटॉप उघडत जाऊ नका. दरवेळी हरिदास कुठून आणू?”