टोकन नंबर ४१८

"छातीचा रोग याच्या बापाले होता, याले नाही! मंग याचं काम काहून बंद केलं?"

अनुसयाबाई खाणीच्या ऑफिसात शिरल्या त्या भांडतच. मागे बावीस वर्षांचा राहुल, काखेत एक्स-रेचं पाकीट. "४१८ टोकन माझ्या मालकाचं, तेजरामचं. तो मेल्यावर पोराले भेटलं. चार वर्षं झाले."

कॉम्प्युटरवर बसलेल्या नूतननं ४१८ ची नोंद उघडली. खाणीच्या दोन फायली होत्या, एक हजेरीची आणि एक दवाखान्याची. दवाखान्याच्या फायलीत नावं नव्हतीच, नुसते टोकन नंबर आणि आजार. गेल्या महिन्यात तिनं कॉम्प्युटरच्या फॉक्सप्रो प्रोग्रॅममध्ये दोन्ही फायली टोकन नंबरावर जोडल्या, आणि धुळीनं छाती खराब झालेल्या एकवीस जणांची नावासकट यादी बाहेर आली. तिला वाटलं होतं, आता यांना औषधपाणी मिळेल, बाहेरचं हलकं काम मिळेल. पलीकडच्या टेबलावर बसणाऱ्या मॅनेजर प्रभाकर साहेबांनी यादी वाचली, तिला शाबासकी दिली आणि एकवीसच्या एकवीस जणांना घरी बसवलं.

बाप गेला की त्याची जागा आणि टोकन त्याच नंबरासकट लेकाला मिळतं, हे इथं सगळ्यांना ठाऊक. नूतनलाही ठाऊक होतं. जोडताना तेवढं सुचलं नाही, आणि तेजरामचा आजार राहुलच्या नावापुढे जाऊन बसला.

"मावशी, चूक माझी आहे." ती उठून उभी राहिली. "साहेब, ४१८ ची जोडणी चुकली. राहुलला कामावर घ्यायला पाहिजे."

"घेऊ की," साहेब म्हणाले. "एक्स-रे आणलाय ना?"

"हौ, बालाघाटले जाऊन काढून आणला. पाहून घ्या, पोरगा कसा खडखडीत आहे!"

खाणीचे डॉक्टर शेजारच्याच खोलीत बसत. त्यांना बोलावलं. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, खाली घेतली, पुन्हा धरली.

"ड्रिलवर आहेस?"

"हौ. बाबाच्याच जागेवर."

"खोकला येतो?"

राहुलनं आईकडे पाहिलं. "येते थोडासा."

"बापाला होतं तेच आहे," डॉक्टर साहेबांना म्हणाले. "दोन्ही बाजूंना."

चुकून लागलेली नोंद खरी ठरली, याचंच नूतनला रडू आलं. अनुसयाबाई मटकन खाली बसल्या.

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाई, असं करू नका. आम्ही काय तुमच्या जिवावर उठलोय? टोकन तुमच्या घरातच राहील. धाकटा आहे ना एक, वसंता?"

"तो दहावीत आहे."

"असू दे. वयाचं बघून घेऊ आपण. नूतन, नंबर तोच ठेव, नाव तेवढं बदल."

नूतननं की-बोर्डला हात लावला नाही. आल्या तशाच या बाई आता पुन्हा कडाडतील, साहेबांचं टेबल उलथं करतील, म्हणून ती वाट पाहत राहिली. राहुल म्हणाला, "माय, चाल घरी."

अनुसयाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"साहेब," त्यांनी विचारलं, "वसंताले सोमवारी पाठवू, का उद्याच?"