ऐकायला बसलेला पक्ष

तिसऱ्यांदा सपाटून हरल्यावर पक्षाने चिंतनसभा बोलावली. आता बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त, हे अध्यक्ष मंचावरून तासभर सांगत होते. शेवटी प्रचारात पाय झिजवलेल्या काकू मागून उठल्या. “भाऊ, लोक दारात काय म्हणाले ते आतातरी ऐका. नाहीतर आमच्या वस्तीचा तुम्हाला रामराम!” “ऐकायलाच तर बसलोय! काकूंना माइक द्या रे!” पण माइकची वायर मंचाच्या पायरीपाशीच संपली. इतक्या वर्षांत खालून कुणी बोललंच नव्हतं, मग ती तोकडी असल्याचं कळणार कुणाला? “काकू, वर या.” “नको बाबा! वर चढलं की माणूस बोलतच सुटतो. तुम्हीच खाली या.” अध्यक्षांचे डोळे चमकले. “वा! ‘आम्ही येतोय खाली!’ हीच नवी घोषणा. फलक छापायला टाका!” पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या, मागच्या रांगा काकूंबरोबर चपला घालत होत्या.