फुलदाणीखाली

"फादर, पापकबुलीत सांगितलेलं तुमच्या पोटात राहतं ना?" मैत्रिणींची पैज होती, म्हणून तिने भर वर्गात विचारलं. सगळ्या खिदळल्या.

फादरही हसले. "माझ्या पोटात कुठलं गं! मी नुसती खिडकी. ऐकतो तो देव."

मग खिडकीच तपासू, तिने ठरवलं. शुक्रवारी शाळेच्या चॅपलमध्ये जाळीपलीकडे बसलेल्या फादरांना ती कुजबुजली, "मी वेदीवरच्या फुलदाणीखाली सिगारेट लपवलीय." चक्क थाप! मैत्रिणींनाही तिने पत्ता लागू दिला नाही.

सोमवारी प्रार्थनेआधी मुख्याध्यापिका सिस्टर वेदीपाशी गेल्या. त्यांनी फुलदाणी उचलली, खाली पाहिलं आणि अलगद परत ठेवली. मग त्यांची नजर बाकांवरून फिरत तिच्यापाशी येऊन थांबली. सिस्टर गोड हसल्या.

घरी धाकटी बहीण गुडघे टेकून पहिल्या पापकबुलीची तालीम करत होती. "आई, घरातलंपण सांगायचं?"

"सगळं सांगायचं, बाळा. फादर कुणाला सांगत नाहीत."

"आई, बाबा, ही रविवारी कबुलीला जाणार नाही," थोरली दारातूनच म्हणाली. "आणि बाबा, शेजाऱ्यांशी अबोला सोडा. तुमच्या पिण्याचं सिस्टरांना त्यांनी नाही सांगितलं. ते मी फक्त फादरांना सांगितलं होतं."