मापाचा सदरा

शहापुरात उभा जन्म मागावर काढलेला यमनाप्पा आजारानं वाळत चालला, तशी बायाक्का नवऱ्याचे जुने सदरे गुपचूप बारीक करू लागली. दुपारी त्याचा डोळा लागला की दोन्ही बगलांतून ती हातानं टाके घालायची. मशीनचा आवाज नको म्हणून.

सदरा अंगात घालून तो म्हणायचा, "बघ गं, अजून मापात बसतोय. लई काय वाळलो न्हाय मी."

"व्हय की! डॉक्टर उगंच भ्या घालत्यात तुमास्नी," म्हणत ती तोंड फिरवायची.

परवा ती अशीच शिवत बसली होती. झोपलाय असं वाटलेल्या यमनाप्पानं हळूच तिचा सुईचा हात धरला.


"बास कर गं आता. पुढचं कापड नुसतंच गुंडाळत्यात, त्याला शिवण लागत न्हाय."