कठड्याचं शेवटचं भोक

“भोक कशाला पाडायचंय?” रविवार पेठेतल्या दुकानदाराने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

“जहाजाला,” वरद म्हणाला.

“मग बुडेल की हो ते.”

हसावं की रडावं, वरदला कळेना. अकोल्याचा हा मुलगा हिंजवडीच्या कंपनीत कोड लिहायला आला, पुण्याच्या ट्रॅफिकला सरावला, पण पुण्याचे दुकानदार काही त्याच्या अंगवळणी पडले नव्हते. त्याने निमूटपणे खुलासा केला. जहाज शोभेचं, लाकडी, दिवाणखान्यात ठेवायचं. त्याच्या कठड्याला सुईएवढी भोकं पाडायची. तेव्हा कुठे दुकानदाराने खणातून मुठीत मावेल एवढं चिनी ड्रिल काढून काउंटरवर ठेवलं.

“टोकाचं बिट तुटलं तर परत घेणार नाही. आणि तुटणारच आहे.”

आता सॉफ्टवेअरवाल्याला हा उद्योग कुणी सांगितला? तनयाने! वधूवर मंडळातून तिचं स्थळ आलं, दोघं कर्वे रस्त्यावर कॉफीला भेटले आणि हा गडी तिथेच गारद झाला. याआधी आईने दाखवलेल्या सगळ्या मुलींमध्ये त्याने काही ना काही खोट काढली होती. इथे मात्र लग्न करीन तर हिच्याशीच, असं कॉफी संपायच्या आत ठरून गेलं.

तनया निघताना म्हणाली होती, “तू खरंच चांगला मुलगा आहेस, वरद. म्हणून आधीच सांगते. आमच्या बाबांना जहाजं बनवायचं वेड आहे. घरी आलेल्या मुलाच्या हातात ते ड्रिल देतात आणि भोक पाडायला लावतात.”

“बाप रे! आणि नाही जमलं तर?”

“तू शीक ना. इंजिनिअर आहेस. फक्त आईसमोर एक झकास भोक पाडून दाखव, की विषयच संपला.”

झालं! कोथरूडच्या खोलीवर कारखाना सुरू झाला. आइस्क्रीमच्या काड्या झाल्या, फुटपट्टी झाली, पोळपाटाची कड झाली. पोळपाट उत्तरेश्वरचा, म्हणजे त्याच्या लातूरकडच्या रूम पार्टनरचा होता.

“लोक लग्न ठरवायला जिम लावतात,” उत्तरेश्वर वैतागून म्हणाला. “तू सुतारकी लावलीस!”

“जाऊ दे ना बाप्पा, नवा पोळपाट आणून देतो. पोरगी लाखात एक आहे.”

मध्येच तनयाचा फोन यायचा. आज बिट तुटलं का, हात थरथरतो का, भोक सरळ जातं का, सगळी चौकशी करायची आणि खळखळून हसायची. इतकी काळजी घेणारी मुलगी! वरदला अगदी भरून यायचं. दुसऱ्या दिवशी तो आणखी जोमाने काड्या भोसकायचा.

शेवटी तो रविवार उजाडला. तनयाच्या घरात शिरताना वरदने चपला काढल्या आणि बघतच राहिला. फ्रिजवर जहाज, टीव्हीवर जहाज, कपाटावर दोन. जेवणाच्या टेबलावर तर एक भलंमोठं तीन डोलकाठ्यांचं उभं होतं, म्हणून सगळ्यांनी पोह्यांच्या बशा मांडीवर घेतल्या.

“भुसा लागला तर बाजूला काढा हं,” तनयाची आई सुहासिनीबाई शांतपणे म्हणाल्या. “आमच्याकडे लिंबाबरोबर तोही असतो.”

तनयाच्या बाबांना, श्यामसुंदरकाकांना, त्यातलं काही ऐकूच गेलं नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा उंच, हसरा माणूस बशी बाजूला ठेवून टेबलाशी गेला. “या कठड्याला आता एकच भोक राहिलंय,” ते वरदला म्हणाले आणि त्यांनी ड्रिल पुढे केलं. “बघता करून?”

वरदने तनयाकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली. सुहासिनीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या.

त्याने डावं कोपर टेबलाला टेकवलं, श्वास रोखला आणि बटण दाबलं. घुर्रर्र! भुशाची बारीक रेघ खाली सांडली. भोक आरपार, गोल, सरळ, कुठे कपचासुद्धा उडाला नाही. काकांनी भिंग लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि वरदला कडकडून मिठीच मारली.

“अगं, ऐकलंस का! हाच आपला जावई! लग्नानंतर दर रविवारी आम्ही दोघं बसणार, मोठं आरमार उभं करणार!”

वरदला आभाळ ठेंगणं झालं. मनातल्या मनात त्याने अकोल्याला फोन लावून आईला आनंदाची बातमी देऊनही टाकली.

सुहासिनीबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि चहाचा कप त्याच्या हातात दिला.

“हात छान आहे हो तुमचा,” त्या म्हणाल्या. “पण या घरात एक जहाजवाला आहे तेवढा पुरे. माझा जन्म भुसा झाडण्यात गेला, मुलीचा जाऊ देणार नाही. ड्रिल चालवणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, हे मी केव्हाच सांगून ठेवलंय आणि इथे लग्नाचं मीच ठरवते. तनया बोलली नाही तुम्हाला?”

वरदने नकारार्थी मान हलवली. तनया फ्रिजवरच्या जहाजाचं शीड नीट करत होती.

“नवल आहे,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “उद्या तिच्या ऑफिसातला तो आनंद यायचाय, त्याला तर सकाळीच फोनवर बजावत होती, की बाबांनी कितीही आग्रह केला तरी ड्रिलला हात लावायचा नाही म्हणून.”